एकाच नावाची बंदुकीची पावडर, पण डबा बदलला की गोळीचा वेग का बदलतो?

नेमबाज५०

माझा चुलतभाऊ टेक्सासला असतो. .३०८ रायफलने लांब पल्ल्यावर नेम साधायचा त्याला छंद आहे आणि काडतुसं तो घरीच भरतो. तिकडे हे सर्रास चालतं. बरीच वर्षं तो एकाच नावाची पावडर वापरतोय. जुना डबा तळाला आला म्हणून त्याच कंपनीचा नवा डबा उघडला. पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं) त्याच, प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) तेच, १६८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी तीच, पावडर काट्यावर तोलून तेवढीच. तरी क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) सरासरी वेग सेकंदाला ४५ फुटांनी कमी भरला. आधी २६५० च्या आसपास असायचा. हजार यार्डांवर एवढ्या फरकाने गोळी फूटभराहून जास्त खाली लागते. तो म्हणतो कंपनीने माल बिघडवला. मला हे पटत नाही, पण त्याला सांगायला माझ्याकडे ठोस काही नाही.

मी स्वतः वरळीच्या रेंजवर ५० मीटरवर .२२ रायफलने नेमबाजी करतो. आम्ही काडतुसं भरत नाही, आयात केलेली तयार वापरतो. तरीही डब्यावरचा लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) बदलला की ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) बदलतो, हे तिथला प्रत्येक जण सांगेल. म्हणजे दुखणं दोन्हीकडे एकच आहे असं मला वाटतं. लॉटमध्ये किती फरक स्वाभाविक धरायचा, तो पडतो कशाने, आणि नेमबाजाने त्यावर काय करायचं? माझं मत असं की डब्यावरच्या मोठ्या अक्षरातल्या नावापेक्षा खालचा बारीक लॉट नंबर जास्त खरा. जाणकारांनी लिहावं.

गिरगावकर

आधी एक शंका. आपल्याकडे घरी काडतूस भरायला परवानगी आहे का? कुणी वाचून उद्योग सुरू करायला नको.

नेमबाज५०

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ स्पष्ट आहे, परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. म्हणून भरण्याचे प्रश्न भावाचे आणि लॉटचे प्रश्न आपले, असं धरून चला.

संपादक

चर्चा चांगली आहे, चालू ठेवा. कुठल्या गोळीमागे किती ग्रेन पावडर घालायची, असली प्रमाणं इथे कुणी देऊ नयेत. दिसल्यास प्रतिसाद काढला जाईल.

रसायनी

मी तळोज्याला रसायनांच्या कारखान्यात प्रॉडक्शनला आहे. बंदुकीच्या पावडरीचा कारखाना मी पाहिलेला नाही, पण नायट्रोसेल्युलोज ओळखीचं आहे, कारण शाईत आणि लॅकरमध्येही ते पडतं, फक्त त्यात नायट्रोजन कमी असतो.

मूळ माल म्हणजे कापूस किंवा लाकडाचा लगदा. त्याची नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात प्रक्रिया होते. पावडरीसाठी नायट्रोजन साधारण १२.६ ते १३.४ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. एवढ्याशा पट्ट्यातसुद्धा थोडं वरखाली झालं की ऊर्जा बदलते. कापूस हे शेतातलं पीक, लगदा झाडाचा. दर वेळी तंतू एकसारखा येणारच नाही.

पुढे ते द्रावकात मळून, जाळीतून दाबून शेवयांसारखं काढतात आणि बारीक कापतात. कांडीची जाडी, मधलं भोक, लांबी, या सगळ्यावर किती पृष्ठभाग एकदम पेटणार ते ठरतं. मग बाहेरून जळणं मंदावणारा थर देतात, म्हणजे पहिल्या क्षणाला दाब एकदम चढत नाही. शेवटी ग्रॅफाइट, शिवाय टिकाऊपणासाठी डायफेनिलअमाइन. काही पावडरींत नायट्रोग्लिसरीनही असतं, त्यांना डबल बेस म्हणतात. आता मोजा, यात किती ठिकाणी बॅच हलू शकते: नायट्रोजन, कांडीची जाडी, थर किती मुरला, द्रावक किती मागे राहिला, पाणी किती उरलं.

त्यात पावडर जळण्याचा वेग दाबावर अवलंबून असतो. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये धूररहित पावडर बनवली आणि दाब व ज्वलनवेग यांचा संबंधही मांडला. दाब वाढला की पावडर जोरात जळते, जोरात जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे पावडरीतला छोटा फरक नळीत छोटा राहत नाही.

म्हणून नेमबाज५०, तुमच्या भावाला सांगा की दोन बॅच हुबेहूब निघाल्या तरच मला आश्चर्य वाटलं असतं.

मुलुंडची ताई

रसायनी, फार छान समजावलंत. म्हणजे आमच्या गोडा मसाल्यासारखंच झालं. कृती आजीची, हातही तोच, पण धणे-खोबरं दर वर्षी वेगळं, त्यामुळे गेल्या वर्षी चमचाभर पुरायचा तिथे यंदा दीड लागतो.

पण मग कारखाने करतात तरी काय? जसा निघेल तसा डब्यात भरतात?

रसायनी

नाही ताई. आम्ही करतो तेच करतात, ब्लेंडिंग. थोडी जलद निघालेली बॅच आणि थोडी मंद निघालेली बॅच मोजून मिसळायची, चाचणीच्या नळीतून झाडून दाब आणि वेग मोजायचा, ठरलेल्या पट्ट्यात आली की तिला लॉट नंबर द्यायचा. पट्टा म्हणजे पट्टाच, एक रेघ नव्हे.

ह्यूस्टनकर

मी गेली कित्येक वर्षं इकडे काडतुसं भरतो, त्यामुळे रसायनींच्या मुद्द्यात एक भर घालतो. पावडर विकली जाते दोन तऱ्हांनी. काडतुसांच्या कारखान्याला घाऊक जाते, तिच्यात लॉटगणिक बराच फरक चालतो, कारण त्यांच्याकडे दाब मोजायची यंत्रणा असते आणि प्रत्येक लॉटसाठी ते भरण्याचं वजन नव्याने ठरवतात. किरकोळ डब्यातली आमच्यासारख्यांसाठी असते. आम्ही छापील पुस्तकातले आकडे बघून भरतो, दाब मोजायला आमच्याकडे काहीच नसतं. म्हणून ती पट्ट्यात ठेवायला जास्त काळजीने मिसळतात. तरीही चार-दोन टक्क्यांचा फरक शिल्लक राहतो, आणि तुमच्या भावाचा फरक वेगात १.७ टक्के आहे. मला तो अजिबात विचित्र वाटत नाही.

त्याचा वेग कमी आला हे त्याचं नशीब समजा. उलटं झालं असतं, म्हणजे जुना लॉट मंद आणि नवा जलद, आणि तो आधीच कमाल मर्यादेजवळ भरत असता, तर? .३०८ ला अमेरिकन मानकात दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे. वेग दीड-दोन टक्के वाढतो तेव्हा दाब त्याहून बराच जास्त वाढलेला असतो. प्रायमर चपटा दिसणं, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) जड उघडणं या खुणा दिसेपर्यंत पुष्कळदा मर्यादा ओलांडून झालेली असते. म्हणून पावडरच काय, प्रायमर, पुंगळी, गोळी, कशाचाही लॉट बदलला की पुस्तकातल्या सुरुवातीच्या कमी वजनावर परत यायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढायचं. लोकांना याचा कंटाळा येतो. मला याची तळमळ आहे, कारण तुटलेले बोल्ट मी डोळ्यांनी पाहिलेत.

आणखी एक. वजनाऐवजी मापाने पावडर टाकणाऱ्यांनी नवा डबा उघडल्यावर काटा पुन्हा लावलाच पाहिजे. लॉटची घनता वेगळी असली की तेच माप, त्याच खुणेवर, वेगळं वजन टाकतं.

दादर_पूर्व

भावाने किती गोळ्या मोजून ही सरासरी काढली? हे विचारल्याशिवाय पुढची सगळी चर्चा हवेत आहे.

नेमबाज५०

विचारलं. जुन्या लॉटच्या पाच, नव्याच्या पाच.

आकडेमोड

मग हिशेब करू. .३०८ चा चांगला भरलेला लॉट घेतला तरी एकेका गोळीच्या वेगाचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) १२ फूट वगैरे असतं असं धरा. पाच गोळ्यांच्या सरासरीची अनिश्चितता १२ भागिले पाचचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ५.४ फूट. दोन सरासऱ्यांच्या फरकाची ७.६. म्हणजे १५ फुटांपर्यंतचा फरक नुसत्या योगायोगानेही दिसू शकतो. ४५ मात्र त्याच्या तिप्पट आहे. फरक खरा आहे.

पण लोक क्रोनोग्राफवर तीन-तीन गोळ्या मारून "हा लॉट १० फुटांनी जलद" असं छातीठोक सांगतात, त्यात काही अर्थ नाही. वीस-वीस मारल्या तर फरकाची अनिश्चितता ३.८ वर येते. मग बोलावं.

दादर_पूर्व

मान्य. पण फरक खरा आहे म्हणजे तो पावडरीचाच आहे, हे कुठे सिद्ध झालं? दोन्ही मोजमापं एकाच दिवशी झाली का? ऊन तेच होतं का? नळीची मधल्या काळात किती झीज झाली? प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ असेल तर ढग आले तरी आकडा हलतो. पावडरीवर खापर फोडायच्या आधी बाकीचे संशयित तपासा.

ह्यूस्टनकर

दादर_पूर्व बरोबर बोलतायत. यावर उपाय साधा आहे. एकाच दिवशी, त्याच नळीतून, एक जुन्या लॉटची, एक नव्या लॉटची, पुन्हा जुन्याची, असं आलटून पालटून मारायचं. नळी तापते, ऊन चढतं, पण तापलेली नळी दोन्ही लॉटना सारखीच लागते. त्यासाठी जुन्या डब्यातली थोडी पावडर मागे ठेवावी लागते. डबा खडखडीत रिकामा करून मग नवा आणला तर तुलना करणार कशाशी? आणि जुनी उरलेली नव्या डब्यात ओतू नये. ओतली की दोन्ही लॉट नंबर गेले, हातात उरली ती बिननावाची पावडर.

देवळाली गनर

निवृत्त तोफखानेवाला आहे, देवळालीला बराच काळ होतो. आमच्याकडे ही चर्चा कधीच झाली नाही, कारण पहिल्या दिवसापासून शिस्तच तशी लावतात. तोफेच्या चार्जचा (गोळ्यामागे भरायच्या पावडरीचा) लॉट नंबर नोंदवायचा, लॉट वेगळे रचून ठेवायचे, एका लक्ष्यावर मारा चालू असताना लॉट मिसळायचे नाहीत. प्रत्येक लॉटचा तोफेच्या तोंडाशी वेग किती येतो ते मोजून ती दुरुस्ती हिशेबात धरतात. हल्ली रडारने मोजतात. पाचेकशे यार्डांत तुमचा फरक इंचांत दिसतो, आमचा पंधरा-वीस किलोमीटरवर शेकडो मीटरमध्ये दिसतो, आणि तिथे पुढे आपलीच माणसं असतात.

चार्जचं तापमानही मोजायचो. राजस्थानात दुपारी उन्हात तापलेला चार्ज आणि उंचावरच्या थंडीतला चार्ज, दोघांचा वेग वेगळा.

गिरगावकर

गनर काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. अजून लिहा.

इतिहासवेडा

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. लॉट न जुळण्यामुळे एका सैन्याने पावडरच बदलली आणि त्याची किंमत मोजली, याचं गाजलेलं उदाहरण एम-१६ रायफलचं आहे. ५.५६ मिमीच्या काडतुसासाठी आधी आयएमआर ४४७५ ही कांडीची पावडर होती. उत्पादन वाढल्यावर लॉटमागून लॉट ठरलेला वेगही गाठायचा आणि दाबाची मर्यादाही सांभाळायची, हे जमेना. १९६४ मध्ये अमेरिकी सैन्याने डब्ल्यूसी ८४६ ही गोल दाण्यांची बॉल पावडर मंजूर केली. वेग आणि दाब जमले. पण रायफल तिच्यासाठी बनवलेली नव्हती. फैरींचा दर वाढला, आणि पावडरीतल्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे वायूच्या नळीत थर साचू लागला. व्हिएतनाममध्ये रायफली अडकल्या. बंदुकीच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा नसणं आणि साफसफाईचं सामान न मिळणं ही कारणंही होतीच. १९६७ मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीने चौकशी केली.

पुढे कॅल्शियम कार्बोनेट कमी ठेवलेली पावडर डब्ल्यूसी ८४४ या वेगळ्या नावाने आली. म्हणजे आधी एकाच नावाखाली फरक मावत होता, तो मोजल्यावर नाव वेगळं करावं लागलं. नेमबाज५० यांच्या मुद्द्याला हा भक्कम पुरावा आहे असं मला वाटतं.

देवळाली गनर

भाऊ, उत्तम माहिती. आपल्याकडेही परंपरा जुनी आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. निलगिरीत अरुवनकाडूला कॉर्डाइटचा (धूररहित पावडरीचा एक प्रकार) कारखाना आहे, तोही इंग्रजांच्या काळातला. खानदेशात वरणगावला रायफलची काडतुसं बनतात. या कारखान्यांत लॉटची चाचणी करणारी मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यापैकी कुणी इथे असेल तर जेवढं सांगण्याजोगं असेल तेवढं जरूर लिहावं.

मुलुंडची ताई

माझी लेक ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) करते, म्हणून माझा प्रश्न .२२ चा. आम्हाला काडतुसं मिळतात ती कोट्यातून, वर्षाच्या हिशेबाने. ज्या लॉटवर तिचा ग्रुप बसला, तोच पुढच्या वेळी मिळेल याची खात्री नाही. एकदा तर एका ५०० च्या खोक्यात दोन लॉटचे डबे निघाले. ती म्हणते, "आई, नवीन डब्याने माझे शॉट उभे पसरतात." मला आधी वाटायचं, परीक्षेचा ताण असेल. आता हा धागा वाचून वाटतंय की पोरीचं खरं असावं.

कोल्हापुरी रांगडा

ताई, रागावू नका, पण लॉटचं खूळ पोरांच्या डोक्यात फार लवकर घालू नये. आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं (झोपून मारायच्या प्रकाराचं) जगज्जेतेपद मिळवलं, ६०० पैकी ५९७. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, ४५१.४ गुणांनी. ही माणसं वर्षानुवर्षं मिळेल त्या काडतुसाने घासून घासून वर आली. श्वास, ट्रिगर आणि पोझिशन पक्की नसेल तर सोन्याची काडतुसं दिली तरी भोकं पसरणारच.

नेमबाज५०

रांगडा साहेब, त्यांच्या मेहनतीपुढे मान तुकवतो. पण या पातळीची मंडळी लॉट निवडूनच स्पर्धेला उतरतात, हेही खरं आहे. काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांपैकी लापुआचं चाचणी केंद्र जर्मनीत शोनेबेकला आहे, एलीचं इंग्लंडमध्ये. खेळाडू स्वतःची रायफल घेऊन जातात, ती यंत्रात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटचे ग्रुप काढतात, आणि जमलेला लॉट एकदम मोठ्या संख्येने घेतात. पोझिशनला पर्याय नाही, मान्य. पण पोझिशन पक्की झाल्यावर पुढचे गुण तिथेच सापडतात.

आकडा सांगतो. .२२ ची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास निघते, मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेली. ५० मीटर जायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती सुमारे १२ सेंटिमीटर पडते. वेग १ टक्क्याने कमी झाला तर आणखी सुमारे अडीच मिलिमीटर. टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं, आणि दशांश गुणाला ०.८ मिमी. म्हणजे नुसत्या १ टक्क्याने ०.३ गुण जातो, आणि जातो तो वर-खाली. ताई, तुमची लेक "उभे पसरतात" म्हणाली ना, तिचं निरीक्षण याच्याशी तंतोतंत जुळतं.

आकडेमोड

इथे एक फरक करायला हवा. दोन लॉटच्या सरासरी वेगातला फरक साइटचे (रायफलवरच्या नेम धरायच्या साधनाचे) दोन-चार क्लिक फिरवून भरून निघतो. त्याने गुण जात नाहीत. गुण जातात ते एकाच लॉटच्या आत गोळीगणिक वेग हलतो त्याने. काही डब्यांवर लॉट नंबरसोबत वेगाचा आकडाही छापलेला असतो आणि लोक तोच बघून लॉट निवडतात. तो सरासरीचा आकडा आहे, पसरटपणाचा नाही.

नेमबाज५०

पटलं. भर एवढीच की नळीही आपलं मत मांडते. गोळी सुटताना नळी कंप पावते. तोंड वर जात असतानाच्या क्षणाला गोळी बाहेर पडली तर मंद गोळी किंचित उशिरा, म्हणजे किंचित वरच्या कोनात सुटते आणि तिचं जास्त पडणं थोडंफार भरून निघतं. हे कुठल्या वेगाला जमेल ते नळीगणिक वेगळं. म्हणून शेजारच्या लेनवरच्या माणसाचा लाडका लॉट तुमच्या रायफलला आवडेलच असं नाही.

पार्लेकर

मी १० मीटर एअर रायफलवाला. आमच्याकडे पावडरच नाही, तरी पेलेटच्या (छर्ऱ्यांच्या) डब्यावर लॉट असतो, डोक्याचा आकार ४.४९, ४.५० असा छापलेला असतो, आणि मंडळी तेही तपासून घेतात. तेव्हा पावडर काढून टाकली तरी भांडण संपणार नाही, एवढं सांगून जागा सोडतो.

गिरगावकर

मुंबईच्या पावसाळ्याचं काय? जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपला बुरशीने हिरव्या होतात. काडतुसांचं काय होत असेल?

ह्यूस्टनकर

चांगल्या प्रतीचं तयार काडतूस बऱ्यापैकी बंद असतं, चार महिन्यांच्या दमटपणाने त्याला लगेच काही होत नाही. झाकणबंद डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून, उन्हापासून लांब ठेवावं. वातानुकूलित खोलीतून थेट दमट हवेत काढलं की धातूवर पाणी धरतं, ते टाळावं. खरी अडचण सुट्ट्या पावडरीची. ती हवेतलं पाणी घेते आणि सोडते. दमट झाली की मंद जळते, वाळली की जलद. म्हणून डब्याचं झाकण भरण्यापुरतंच उघडायचं. लोक मापाच्या नळकांड्यात रात्रभर पावडर ठेवून देतात, ते तर करूच नये.

रसायनी

थांबा. हे वाचून माझ्या डोक्यात आलं. नेमबाज५०, तुमचा भाऊ टेक्सासात नेमका कुठे? हवा दमट की कोरडी? आणि जुना डबा किती काळ उघडा होता?

नेमबाज५०

पश्चिम टेक्सास, हवा एकदम कोरडी. जुना डबा बरीच वर्षं चालला. गॅरेजमध्येच असायचा, झाकण लावलेलं पण उघडझाप सारखी.

रसायनी

मग असंही असू शकतं की नवा लॉट मंद नाहीच, किंवा थोडासाच आहे. जुना डबा वाळत वाळत वर्षागणिक जलद होत गेला आणि भावाला "नेहमीचा वेग" म्हणून जो आकडा पाठ आहे तो वाळलेल्या पावडरीचा आहे. जुन्या लॉटचा सीलबंद डबा कुठे मिळाला तर उत्तर हातात येईल.

दादर_पूर्व

रसायनी, सलाम! हा संशयित माझ्या यादीत नव्हता.

नेमबाज५०

भावाला निरोप दिला. योगायोगाने त्याने तेव्हा एकाच लॉटचे दोन डबे घेतले होते, एक अजून सीलबंद आहे. तो शनिवार-रविवार बघून करेल. तोवर ताईंच्या प्रश्नाकडे वळू. ताई, दोन लॉटपैकी कुठल्याचे किती डबे उरलेत?

मुलुंडची ताई

एकाचे बरेच आहेत, दुसऱ्याचे थोडेच. राज्य स्पर्धा तोंडावर आहे. दुसऱ्याचे थोडे असलेले तिला जास्त आवडतात, हीच पंचाईत.

कोल्हापुरी रांगडा

आवडीचे स्पर्धेला राखून ठेवा, सराव बाकीच्यांवर. एवढं माझंही मत.

देवळाली गनर

स्पर्धेच्या आधी त्याच लॉटवर साइट लावून घ्यायला विसरू नका. एका लॉटवर शून्य करून दुसऱ्यावर सामना खेळायचा नाही. साइटिंगचे (गुणांत न धरले जाणारे) शॉट असतात, पण तिथे पोरीचा वेळ आणि मन कशाला खर्ची घालायचं?

नेमबाज५०

भावाचा निकाल आला. एकाच सकाळी, तिन्ही आलटून पालटून, प्रत्येकी वीस. वजन, गोळी, पुंगळ्या, प्रायमर सगळं सारखं.

जुना उघडा डबा: सरासरी २६५२ फूट.
जुन्याच लॉटचा सीलबंद डबा: २६२९.
नवा लॉट: २६०८.

आकडेमोड

२३ आणि २१. दोन्ही फरक ३.८ च्या अनिश्चिततेपुढे पुरेसे मोठे आहेत. म्हणजे निम्मा फरक लॉटचा, निम्मा वाळण्याचा. खरा लॉटफरक ०.८ टक्के. कंपनीने माल बिघडवला असं म्हणायला आता जागा नाही.

ह्यूस्टनकर

सुंदर चाचणी. आता भावाला माझा एक निरोप. जुना वेग गाठायचा म्हणून नव्या लॉटमध्ये एकदम पावडर वाढवू नकोस. पुस्तकातल्या सुरुवातीच्या वजनापासून वर ये आणि कमाल मर्यादेच्या आत ग्रुप चांगला बसेल तिथे थांब, वेग २६०० असला तरी चालेल. कारण नवा डबाही त्याच गॅरेजमध्ये वाळणार आहे. आज मर्यादेला टेकवून भरलंस तर दोन वर्षांनी तेच वजन मर्यादेच्या पलीकडे गेलेलं असेल. आणि पुढच्या खेपेला आठ पौंडांचा मोठा डबा घे, पण ती पावडर लहान घट्ट झाकणाच्या दुसऱ्या डब्यांत वाटू नकोस. आहे त्याच डब्यात ठेव, झाकण पक्कं लाव, आणि भरलेल्या प्रत्येक खोक्यावर लॉट नंबर आणि तारीख लिही.

इतिहासवेडा

लहान डब्यांत वाटलं तर कोरड्या हवेशी संबंध कमी येईल ना? नको का म्हणता?

ह्यूस्टनकर

दुसऱ्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवल्यामुळे झालेले घात इकडे अनेकांनी ऐकलेत. डब्यावरचं नाव एक आणि आत दुसरंच. दोन वर्षांनी कुणाला आठवतं? पावडर तिच्या मूळ डब्यातच राहिली पाहिजे, यावर मी तडजोड करत नाही.

नेमबाज५०

दोघांचंही भावाला कळवलं. त्याने खोक्यांवर लेबलं लावायला सुरुवात केली आहे. जुना उघडा डबा आता जवळच्या अंतराच्या सरावाला, आणि तोही कमी वजनापासून नव्याने.

ताई, येत्या शनिवारी सकाळी लेकीला वरळीला घेऊन या. तिच्याच रायफलने, टेकू लावून, दोन्ही लॉटचे दहा-दहाचे ग्रुप आलटून पालटून काढू. थोडे असलेल्या लॉटचे वीस-तीस खर्च होतील, पण ते सत्कारणी लागतील.

मुलुंडची ताई

येतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर घ्यायचे की कागदावर?

नेमबाज५०

इलेक्ट्रॉनिकवर घेऊ, प्रत्येक शॉटची उंची मिलिमीटरमध्ये मिळते आणि उभा पसरटपणा तिथेच मोजता येतो. डबे मूळ खोक्यात आणा, लॉट नंबर फाटू देऊ नका.

आकडेमोड

आकडे इथे टाका. दहा-दहाचे निदान दोन ग्रुप प्रत्येकी घ्या, एकावर विसंबू नका. हिशेब मी करून देतो.